औटीबाईंचा बसका बैल

मत द्यायला माणसाला तोंडाशिवाय काही लागत नाही. हॉटेलात बसून तो सरकार पाडतो, न पाहिलेल्या सिनेमाला शिव्या देतो आणि दुसऱ्याच्या ताटातल्या आमटीत मीठ कमी आहे म्हणून सांगतो. जुन्नरच्या बाजारपेठेत मात्र काही वर्षं एक गाळा असा होता, की तिथं मत देण्याआधी मरावं लागायचं.

"मरून आलात का?"

खुर्चीत बसून, लसूण सोलता सोलता, मान वर न करता औटीबाई विचारायच्या. तक्रार घेऊन आलेला माणूस पायरीवरच अडखळायचा. घरून निघताना त्यानं सगळी तयारी केलेली असायची, पण हा प्रश्न त्याच्या अभ्यासक्रमात नसायचा.

"म्हणजे?"

"म्हणजे तो समोरचा गेम आहे. त्याच्यापुढं बसा. खेळा. मरा. मग इकडं या आणि बोला. जिवंत माणसाचं मत मी ऐकत नाही."

औटीबाई आमच्या शाळेत गणित शिकवायच्या. मी कळंबहून रोज एसटीनं येणारा मराठीचा नवा मास्तर. स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती म्हणून मला मिळाली. ती रिकामी का होती ते मला आठवडाभरात कळलं. बाईंच्या शेजारी बसून कुणी "सगळे म्हणतात" असं वाक्य सुरू केलं, की बाई वहीतून डोकं वर काढून विचारायच्या, "सगळे म्हणजे कोण? नावं सांगा." मग सगळ्यांमधली दोन नावं निघायची आणि त्यातलं एक बोलणाऱ्याचंच असायचं.

अंगानं बाई ठेंगण्या आणि रुंद. वर्गात शिरल्या की दार भरून जायचं. हातात निरगुडीची छडी. त्या छडीनं जुन्नर तालुक्यातले किती डॉक्टर, वकील आणि कंडक्टर घडले, हे ते ते लोक आपापल्या तळहाताकडं बघून सांगतात.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी हेडमास्तर शेटे सरांनी भाषण केलं. शेटे सर म्हणजे सरळ रेषेत चालणारा माणूस. नियमाबाहेर शिंकही द्यायची नाही. "बाईंनी आता नातवंडांत रमावं," असं ते म्हणाले. बाई उत्तराला उठल्या.

"नातवंडं पुण्यात असतात आणि ती मला कंटाळतात. मी व्हिडिओ गेमचं दुकान काढतेय. सोमवारपासून. सगळ्यांनी यावं."

एवढं बोलून त्या खाली बसल्या आणि बटाटेवडा खाऊ लागल्या. सगळ्या हॉलमध्ये फक्त त्यांच्या चघळण्याचा आवाज होता.

शेटे सरांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला, कारण गाळा त्यांनीच दिला होता. शाळेच्या समोर सार्वजनिक वाचनालय, त्याच्या खाली गाळे, आणि वाचनालयाचे अध्यक्ष शेटे सर. बाईंनी गाळा मागितला तेव्हा सरांना वाटलं, वह्यापेनांचं दुकान असेल. विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. गणिताच्या शिक्षिकेनं दुसरं काय काढायचं?

तो काळ मला आठवतो. टीव्हीला जोडायचे ते गेम, त्यांच्या जाड प्लॅस्टिकच्या कॅसेटी, आणि त्या चालल्या नाहीत की फुंकर मारायची सगळ्या महाराष्ट्राची सवय. बाईंच्या दुकानात फुंकर मारायला बंदी होती. "चूल पेटवतोयस का?" म्हणून त्या कॅसेट काढून घ्यायच्या आणि पदराच्या टोकानं पुसायच्या. दारात पाण्याची बादली आणि पंचा. हात धुतल्याशिवाय रिमोटला हात लावायचा नाही. गेमची इंग्रजी नावं बाईंना मान्य नव्हती. त्यांनी आपली ठेवली होती. ठोसे. बदकं. रणगाडा. नळातला माणूस.

आणि निरगुडीची छडी दुकानातही होती. वाचनालयाच्या जुन्या इमारतीत मेन स्विच छताजवळ होता आणि बाईंचा हात तिथवर पोचत नव्हता. तेव्हा दुकान चालू करताना आणि बंद करताना बाई छडी उचलून खटका खालीवर करायच्या. त्यांनी छडी उचलली की गेम खेळत बसलेली मोठी माणसंसुद्धा हात मागं घ्यायची.

पहिल्याच महिन्यात पालकांची रांग लागली.

"बाई, तुमच्या दुकानानं आमचं पोरगं बिघडलं."

"आधी चांगलं होतं का? मी शिकवलंय त्याला."

"लई मारामारीचे गेम हायेत म्हनं तुमच्याकडं."

"म्हणं? बसा. मरा. मग बोला."

काही जण निघून जायचे. काही जण तावातावानं बसायचे, मरायचे, आणि उठताना विचारायचे, "अजून एक चान्स मिळंल का?"

पण खरं भांडण पेटलं ते मारामारीच्या गेमवरून नाही. ते पेटलं दोन जनावरांवरून.

बाईंचे टीव्ही दुरुस्त करणारा मुनीर बाजारपेठेतलाच. बापजाद्यांचा कल्हईचा धंदा सोडून तो टीव्हीच्या पाठी उघडू लागला होता. तोच मुंबईहून कॅसेटी आणायचा. एका खेपेला गठ्ठ्यात एक बिननावाची कॅसेट आली. लावली तर पडद्यावर एक डोंगर, वर जाणारी वाट, एक लाकडी गाडी आणि तिला जुंपलेली तपकिरी, शिंगं असलेली दोन जनावरं. गाडीत पोती. वर, लांब, एक घर. गोळी नाही, शत्रू नाही, गुण नाहीत. कोपऱ्यात एक सूर्य, आणि तो हळूहळू खाली चाललेला. सूर्य मावळायच्या आत घर गाठायचं, एवढाच खेळ. अंधार पडला की लांडग्यांचे डोळे चमकायचे आणि मग सगळं संपायचं.

आता आमच्या मुलखाचा स्वभाव लक्षात घ्या. जुन्नर-आंबेगावात यात्रा म्हणजे बैलगाड्यांची शर्यत. घाट म्हणजे शर्यतीची चढणीची धाव, आणि प्रत्येक गाडा एकटा पळतो, घड्याळाशी. माणसाला पडद्यावर चढ, गाडी आणि दोन शिंगाळी जनावरं दिसली, की तो दुसरं काय करणार? रिमोटला एक लाल बटण होतं. ते दाबलं की गाडीवानाचा चाबूक उडायचा. जो बसेल तो लाल बटणावर तुटून पडायचा, तोंडानं भिर्रर्र करायचा, मागची गर्दी आरोळ्या ठोकायची. जनावरं चार उड्या जोरात मारायची आणि खाली बसायची.

बसायची म्हणजे पाय दुमडून, शेपूट आवरून, गोठ्यात बसतात तशी. मग कितीही बटण दाबा. सूर्य मावळायचा, लांडगे यायचे.

पेठ गावचे दगडूभाऊ माझ्या ओळखीचे. मोठे गाडामालक. त्यांच्या गाड्याची बारी असली की यात्रेत लाऊडस्पीकरवर मी पुकारायचो, कारण मास्तरकीच्या आधीपासून माझा खरा धंदा आवाजाचा. एका रविवारी ते जुन्नरच्या बाजाराला आले होते. मीच त्यांना हौसेनं बाईंच्या दुकानात नेलं. भाऊंनी हात धुतले, उपरणं झटकलं, स्टुलावर बसले. सगळं दुकान त्यांच्या मागं गोळा झालं. एवढा नावाजलेला माणूस, आता डोंगर गाठणार.

चार उड्या, आणि जनावरं बसली.

भाऊंनी परत बटण दाबलं. मग उठले, टीव्हीच्या मागं जाऊन बघितलं, परत बसले. लांडगे आले.

"बाई," भाऊ म्हणाले, "ह्यो बैल न्हाई."

"मग काय आहे?"

"काय बी असंल. पन बैल असा बसत न्हाई. ज्यानं ह्यो खेळ केला त्यानं बैल बघितल्याला न्हाई. ह्यो बसका बैल आमच्या मुलखात दावायचा म्हंजी आमची थट्टा हाय. बंद करा ह्यो."

"तुम्ही मेलात ना? मग तुम्हाला मत द्यायचा अधिकार आहे. ऐकलं मी तुमचं मत," बाई म्हणाल्या. "बंद नाही करणार."

भाऊंनी दिलेलं नाव मात्र त्यांनी ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून त्या गेमचं नाव बसका बैल.

मग गावात दोन तट पडले. खरं तर एक तट आणि बाई. पोरं म्हणायची, ह्यात मारायला कुणी नाही. मोठी म्हणायची, ही मुलखाची बदनामी आहे. संदीप नावाचा एक दांडगा विद्यार्थी होता. त्याचा बैल बसल्यावर त्यानं हातातला अर्धवट खाल्लेला पेरू पडद्यावर मारला. बाईंनी पडदा पुसला, त्याला पंचा दिला आणि त्याच्याकडून हात धुवून घेऊन परत त्याच गेमवर बसवला. गिऱ्हाईक घटलं. मुनीर म्हणाला, "बाई, ये कॅसेट बदल दूँ? लोक लय नाराज हायेत."

"लोक नाराज आहेत म्हणूनच राहू दे," बाई म्हणाल्या. "ज्याच्यावर सगळे खूश असतात ते फार दिवस टिकत नाही."

दुकान बंद झाल्यावर त्या स्वतः तो गेम खेळायच्या. मी एसटीची वाट बघताना एकदोनदा बघितलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ओठ मुडपलेले. त्यांचाही बैल बसायचा. तो बसला की त्या रिमोट मांडीवर ठेवून लसूण सोलायला घ्यायच्या आणि त्याच्याकडं बघत राहायच्या. तीस वर्षं छडी चालवलेला हात होता तो. बटणापासून लांब ठेवायला त्यांना लसूण लागायचा.

शेवटी वाचनालयाकडं अर्ज गेला. गाळा खाली करून घ्यावा. परीक्षा झाल्या होत्या, ऊन तापलं होतं, शेजारच्या रसवंतीचा चरक मोटरवर घुंगरू वाजवत फिरत होता. अशा दुपारी कार्यकारिणी बाईंच्या दुकानात आली. पुढं शेटे सर, टोपी हातात.

"बाई, निर्णय कळवायला आलोय," सर म्हणाले. "व्यक्तिशः मला वाईट वाटतं. पण हा प्रकार समाजाला घातक आहे असं आमचं मत झालेलं आहे."

"मरून आलात का, सर?"

"बाई, ही थट्टेची वेळ नाही."

"मी कुठं थट्टा करतेय? सर, एखाद्या मुलानं धडा न वाचता प्रश्नाचं उत्तर लिहिलं तर तुम्ही किती गुण देता?"

सर प्रामाणिकपणे म्हणाले, "शून्य."

"तुमच्या कार्यकारिणीत बसका बैल कोण खेळलंय?"

सगळे एकमेकांकडं बघू लागले. बाईंनी स्टूल पुढं ओढलं आणि त्यावरची धूळ पदरानं झटकली.

"मरेपर्यंत खेळा. मेल्यावर जे मत द्याल ते मला मान्य. त्याच दिवशी कुलूप लावून किल्ली तुमच्या हातात देते. पण मेल्याशिवाय मत नाही. कबूल?"

नियम म्हटला की शेटे सर विरघळायचे. "कबूल," ते म्हणाले. सभासदांकडं वळून, "हे इतिवृत्तात घ्या." आणि त्यांनी बादलीत हात धुतले.

आता जे घडलं ते मी समोर बघितलंय. सरांनी रिमोट दोन्ही हातांत असा धरला, जसं आरतीचं तबक धरतात. लाल बटण कशासाठी असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि न सांगता बटण दाबणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. तेव्हा ते फक्त वळणावर गाडी वळवत राहिले. जनावरं चालू लागली. उडी नाही, धाव नाही, नुसती चाल. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. वाटेत एक झरा लागला, जनावरं मान खाली घालून पाणी प्यायली. झरा आहे हे जुन्नरमध्ये तोवर कुणालाच माहीत नव्हतं.

बाजारपेठेत बातमी पसरायला वेळ लागत नाही. रसवंतीतले लोक ग्लास हातात घेऊन आले. संदीप आला. कुणीतरी सवयीनं भिर्रर्र केलं, तर गर्दीनंच त्याला गप्प केलं. झऱ्यापुढं एक पूल आला. लाकडी, हलणारा. सर पुलावर चढले आणि कोपऱ्यातला सूर्य डोंगराला टेकला. पडदा निळा झाला. झाडीत पहिले दोन डोळे चमकले, मग अजून दोन. घर समोर होतं, पण पोचण्यासारखं नव्हतं. सर आता मरणार, हे लहान पोराला कळलं असतं. सरांच्या कपाळावर घाम आला.

मी बाईंकडं बघितलं. त्यांच्या मांडीवरचा लसूण खाली होता आणि छडी हातात होती.

पडदा काळा झाला. पंखा थांबला.

"लाईट गेली," बाई म्हणाल्या.

शेजारी रसवंतीचे घुंगरू मोटरवर खळखळ वाजत होते. सगळ्यांना ऐकू येत होते. पण पुलावर अडकलेल्या दोन जनावरांची काळजी एवढी होती, की कान कुणाचाच जागेवर नव्हता.

सरांनी रिमोट खाली ठेवला. रुमालानं कपाळ पुसलं.

"मी मेलो का, बाई?"

"नाही, सर. तुमच्या आधी वीज मेली."

"मग मला मत देता येणार नाही."

"नियमानुसार नाही."

सरांनी सभासदांना सांगितलं, विषय पुढील सभेपर्यंत तहकूब. आणि पायरी उतरताना मागं वळून म्हणाले, "शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी येईन."

ते आले. पुढच्या शनिवारी, त्याच्या पुढच्या शनिवारी, असे येतच राहिले. दर वेळी ते थोडे पुढं जायचे, एखाद्या वळणाला उशीर व्हायचा, सूर्य टेकायचा, डोळे चमकायचे, आणि जुन्नरमधल्या एकाच गाळ्याची लाईट जायची. कार्यकारिणीच्या प्रत्येक सभेत विषय निघायचा आणि सर सांगायचे, "अध्यक्षांचं मत व्हायचं आहे." मी एकदा स्टाफरूममध्ये मुद्दाम म्हणालो, "सर, हल्ली शनिवारी लाईट फार जाते." सर पेपर तपासत होते. म्हणाले, "वीज मंडळाचा कारभार आहे. आपण काय बोलणार?"

दगडूभाऊंचा हिशेब मात्र अजून व्हायचा होता. तो झाला आमच्या कळंबच्या यात्रेत. माईक माझ्या हातात. भाऊंचा गाडा घाटात आला. पुकारून पुकारून माझा घसा फुटायला आला होता. गाडा सुटला, गर्दी उठली, आणि घाटाच्या मध्यावर भाऊंचा आदतीचा, म्हणजे अजून दात न लावलेला बैल, ज्याच्या गळ्यात पाच यात्रांच्या माळा होत्या, पाय दुमडून खाली बसला.

घाटात हसू कसं पसरतं ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही. कुणीतरी ओरडलं, "भाऊ, बसका बैल." मग अख्खा घाट तेच ओरडू लागला. माणसं धावली. कुणी काठी उगारली, कुणी शेपटी धरायला वाकलं. दगडूभाऊ मधे उभे राहिले. दोन्ही हात पसरून. "कुनी हात लावायचा न्हाई," एवढंच म्हणाले. आणि ते बैलाच्या शेजारी, घाटाच्या मातीत, पांढऱ्या धोतरानिशी खाली बसले. पुढच्या बाऱ्या खोळंबल्या, पंच चिडले, लोकांनी काय काय म्हणून घेतलं. भाऊ बसून राहिले. बऱ्याच वेळानं बैल आपणहून उठला. भाऊ उठले. दोघं चालत घाट चढून गेले. मी लाऊडस्पीकरवर असूनही मला शब्द सापडला नाही. माझ्या आयुष्यात तसं पुन्हा झालेलं नाही.

त्याच आठवड्यात भाऊ बाईंच्या दुकानात आले. हातही न धुता गरजले, "बाई, तुमच्या गेमनं माजा बैल बिघडवला."

"त्यानं खेळला का गेम?"

"मी खेळलो, मला काय म्हाईत त्याला कसं कळलं ते." मग स्टुलावर बसले. आवाज उतरला. "पन उठला, बाई. हात न लावता उठला."

"मग आता मत काय तुमचं?"

"मत तेच हाय. वाईट गेम हाय." भाऊंनी पंचा मागितला, हात धुतले. "लावा एकदा."

वर्षं गेली. शतक बदललं. नारायणगावात, मग जुन्नरात, कॉम्प्युटरवर गेम खेळायची दुकानं निघाली. गोळीबार, रक्त, गाड्यांचे स्फोट. पालकांनी आता त्यांच्यावर अर्ज लिहायला घेतले. बाईंच्या दुकानात टीव्ही एकेक करून बंद पडले आणि मुनीरला सुटे भाग मिळेनात. एकच राहिला, बसक्या बैलाचा. गिऱ्हाईक नव्हतंच. शनिवारी दुपारी एक निवृत्त हेडमास्तर, एवढंच.

आणि नेमकं तेव्हा लोकांना बसका बैल आवडायला लागला. ज्यांनी शिव्या दिल्या होत्या त्यांना मिशा आल्या, लग्नं झाली, पोरं झाली. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत मी कान देऊन ऐकायचो. "आपल्या वेळंला गेम व्हते राव. बसका बैल म्हंजी काय गेम व्हता. शिकवायचा मानसाला." हे बोलणारा संदीप असायचा. तो आता वाचनालयाचा चिटणीस होता, मोबाईलच्या धंद्यात शिरला होता आणि पाटी लावायला त्याला बाजारपेठेत गाळा हवा होता.

तेव्हा बाईंचा सत्कार ठरला. वाचनालयाच्या हॉलमध्ये, शाल, श्रीफळ, मानपत्र. अध्यक्ष शेटे सर. पत्रिकेत शेवटी एक ओळ बारीक होती: सौ. औटीबाई व्यवसायातून निवृत्त होत असल्याच्या निमित्ताने. बाईंनी ती मला बोटानं दाखवली.

"मी कधी निवृत्त होतेय?"

"बाई, मला वाटतं गाळ्याचं..."

"तुला वाटतं ते बरोबर आहे. शाल अंगावर आणि किल्ली हातातून. चल, जाऊ."

हॉल भरला होता. बाई स्टेजवर बसल्या, पिशवीतून लसूण काढला. संदीप बोलायला उभा राहिला. छान बोलला. बसक्या बैलानं आमच्या पिढीला संयम शिकवला, वगैरे. टाळ्या पडल्या. बाईंनी मान वर केली.

"संदीप, झऱ्याच्या पुढं काय होतं?"

"काय, बाई?"

"गेममध्ये. झरा ओलांडला की काय येतं?"

संदीपनं इकडंतिकडं बघितलं. मागून कुणीतरी "पूल" म्हणून कुजबुजलं, ते त्याला ऐकू आलं नाही.

"तुला झराच माहीत नाही. तू पेरू मारून गेलास तो गेलास," बाई म्हणाल्या. हॉल हसला. बाई हसल्या नाहीत. "तेव्हा तुम्ही न खेळता शिव्या दिल्यात. आता न खेळता कौतुक करताय. मग इतक्या वर्षांत बदललं काय? शाल राहू द्या. खाली टीव्ही चालू आहे. मरून या, मग गळ्यात काय घालायचं ते घाला."

संदीप सावरून म्हणाला, "बाई तशाच आहेत. आता अध्यक्ष समारोप करतील आणि गाळ्याविषयी वाचनालयाचा निर्णय सांगतील."

शेटे सर उठले. वय झालं होतं. टेबलाला धरून उभे राहिले. खिशातून त्यांनी जुनं इतिवृत्त काढलं. हे त्यांनाच सुचावं.

"गाळ्यासंबंधी ठराव असा आहे," सर म्हणाले, "की अध्यक्ष खेळात मरण पावल्यावर आपलं मत देतील आणि त्यानंतर निर्णय होईल. तो ठराव आजवर कुणी रद्द केलेला नाही. मी अद्याप मेलेलो नाही. सबब मला मत नाही. सबब निर्णय नाही. सभा तहकूब."

आणि ते बसले. संदीपच्या हातात शाल तशीच होती. मागच्या रांगेत पेठचे दगडूभाऊ होते, बोलावणं नसताना आलेले. त्यांनी एकट्यानंच मोठ्यानं भिर्रर्र केलं.

बाईंना मी शेवटचं बघितलं ते त्यानंतर काही शनिवारांनी. माझी बदली आंबेगावकडच्या शाळेत झाली होती आणि सांगायला म्हणून दुपारचा गेलो होतो. ऊन मी म्हणत होतं. गाळ्याचं शटर अर्धं खाली. मी वाकून बघितलं. सर स्टुलावर, पाठ ताठ, रिमोट आरतीच्या तबकासारखा धरलेला. बाई खुर्चीत, मांडीवर लसणाच्या पाकळ्या. पडद्यावर जनावरं पूल उतरत होती. घर मी पहिल्यांदाच इतकं जवळ बघत होतो. खिडकीत दिवा दिसत होता. सूर्य टेकला होता. डोळे चमकायला लागले होते.

बाईंनी लसूण बाजूला ठेवला आणि छडी उचलली.

सरांनी मागं वळून बघितलं नाही.

"बाई," ते म्हणाले, "लाईट जायची वेळ झाली का?"

"झालीच की, सर."

खटका पडला. मी हाक न मारताच शटरखालून मागं सरलो. शेजारी रसवंतीचे घुंगरू वाजत होते.